फ्रिज चालू आहे, पण थंड होत नाही? ‘गॅस गेला’ हे मान्य करण्याआधी एवढं तपासा

फ्रिजचा दिवा लागतो. मागून घरघरही ऐकू येते. पण पाण्याची बाटली कोमटच आणि सकाळी तापवलेलं दूध संध्याकाळी फाटतं. एप्रिल-मे महिन्यात शेगाव, नांदुरा, मलकापूरकडे ही तक्रार नेहमीची आहे. मेकॅनिकला फोन लावला की अनेकदा फोनवरच निदान होतं, "गॅस गेला असेल, भरावा लागेल."

कधी कधी गॅस खरंच गेलेला असतो. पण कूलिंग कमी होण्याची त्याहून साधी कारणं बरीच आहेत आणि त्यातली निम्मी-अर्धी तुम्ही स्वतः, कुठलंही अवजार न वापरता तपासू शकता. ती कोणती आणि मेकॅनिकला बोलवावंच लागलं तर त्याला काय विचारायचं, ते पाहू.

थोडक्यात सांगायचं तर

- फ्रिजमधला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे.
- आधी व्होल्टेज, मागची जागा, दाराचं रबर, थर्मोस्टॅट आणि बर्फ या पाच गोष्टी तपासा.
- बर्फ सुरीने खरवडू नका. चांगला फ्रिज कायमचा बिघडवण्याचा तो सर्वात सोपा मार्ग आहे.
- घरात इन्सुलिन असेल तर फ्रिजच्या आधी त्याची सोय करा.

फ्रिज नेमकं काय करतो?

फ्रिज थंडावा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे गॅस गरम होतो. हा गरम गॅस मागच्या काळ्या जाळीतून किंवा बाजूच्या पत्र्याआड लपवलेल्या नळ्यांमधून फिरताना आपली उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो आणि त्याचा द्रव होतो. तो द्रव केसासारख्या बारीक नळीतून, म्हणजे कॅपिलरीतून, फ्रीजरमध्ये जातो. तिथे त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना तो आतली उष्णता शोषून घेतो. मग हाच फेरा पुन्हा सुरू होतो.

म्हणूनच उन्हाळ्यात फ्रिजच्या बाजू गरम लागणं हा बिघाड नाही. उष्णता बाहेर पडते आहे, याची ती खूण आहे. उलट कॉम्प्रेसर बराच वेळ चालू असूनही बाजू किंवा मागची जाळी अजिबात गरम लागत नसेल, तेव्हा काळजी करायला हवी.

घाटावरचा उन्हाळा आणि घाटाखालचा

बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी असतात. बुलढाणा शहर, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे, तर घाटाखालची गावं साधारण त्याच्या निम्म्या उंचीवर. राजूर घाट उतरताना हवेतला फरक जाणवतो.

बातम्यांमध्ये ‘बुलढाणा’ म्हणून दिसणारं तापमान घाटावरच्या शहराचं असतं. विदर्भाच्या यादीत ते बहुतेक वेळा अकोल्यापेक्षा कमी असतं. खामगाव-शेगावकरांनी उन्हाचा अंदाज घ्यायचा तर अकोल्याचा आकडा पाहणं जास्त बरोबर.

याचा फ्रिजशी काय संबंध? फ्रिजच्या आत, बहुधा भाजीच्या कप्प्याजवळ, एक स्टिकर असतो. त्यावर ‘क्लायमेट क्लास’ लिहिलेला असतो. तिथे इंग्रजी ‘टी’ असेल तर तो फ्रिज १६ ते ४३ अंश सेल्सिअस खोलीच्या तापमानासाठी बनवला आहे. ‘एसटी’ असेल तर वरची मर्यादा ३८ अंश आणि नुसतं ‘एन’ असेल तर ३२ अंश.

आता बाहेर ४४ अंश असताना टिनाच्या छताखालच्या स्वयंपाकघरात, गॅस शेगडीपासून दोन हातांवर ठेवलेल्या फ्रिजच्या मागे किती तापमान असेल? मर्यादेच्या वर गेल्यावर फ्रिज लगेच बंद पडत नाही. पण कॉम्प्रेसर न थांबता चालतो, वीजबिल वाढतं आणि तरी आतलं तापमान उतरत नाही. अशा वेळी गॅस भरून काहीच फायदा होत नाही. फ्रिजची जागा बदलावी लागते.

आधी औषधं आणि अन्न

कूलिंग गेलं आहे असं लक्षात आलं की दुरुस्तीच्या आधी दोन कामं करा.

पहिलं, इन्सुलिन. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. ते शेजाऱ्यांच्या किंवा ओळखीच्या मेडिकलच्या फ्रिजमध्ये ठेवायला द्या. घाईघाईत फ्रीजरमध्ये किंवा बर्फाला चिकटून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं, पण खोलीचं तापमान २५-३० अंशांच्या आत असेल तरच. नेमकी मुदत आणि तापमान त्या औषधाच्या माहितीपत्रकात पाहा. मे महिन्यात आपल्याकडची खोली एवढी थंड नसते. अशा वेळी मातीचं मडकं कामाला येतं. एका मोठ्या मडक्यात छोटं मडकं ठेवायचं, मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवायची आणि इन्सुलिन कोरड्या, बंद डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवायचं. विदर्भाच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. मात्र ही फ्रिजची जागा नाही, वापरातल्या इन्सुलिनची तात्पुरती सोय आहे. औषध बराच वेळ गरम जागी राहिलं असेल तर वापरण्याआधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा.

दुसरं, अन्न. वीज गेली असेल आणि दार उघडलं नाही, तर फ्रिजच्या खालच्या भागातलं सामान साधारण चार तास टिकतं. भरलेला फ्रीजर दोन दिवसांपर्यंत, अर्धा भरलेला साधारण एक दिवस थंड राहतो. म्हणून ‘थंड आहे का’ हे पाहायला दर दहा मिनिटांनी दार उघडू नका. दूध, शिजवलेलं अन्न, मांस-मासे सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा जास्त आणि कडक उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त राहिले असतील तर धोका पत्करू नका. ‘उकळून घेतलं की झालं’ हे नेहमी खरं नसतं. काही जंतूंनी तयार केलेली विषद्रव्यं उकळल्यावरही नष्ट होत नाहीत.

घरच्या घरी तपासणी

१. खरंच थंड होत नाही का? एका ग्लासात पाणी घेऊन त्यात थर्मामीटर ठेवा आणि ग्लास रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा. ताप मोजायचा थर्मामीटर चालणार नाही, स्वयंपाकघरातला किंवा फ्रिजचा साधा थर्मामीटर हवा. सकाळी २ ते ५ अंश दिसले तर फ्रिज ठीक आहे. ८-१० अंशांच्या वर असेल तर पुढे वाचा.

२. वीज आणि व्होल्टेज. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर किंवा टेबलफॅन लावून पाहा. सॉकेट सैल असेल, प्लग काळा पडला असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. घरात वीज साधारण २३० व्होल्टची असायला हवी. उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरी कूलर सुरू झाले की काही गल्ल्यांमध्ये व्होल्टेज पडतं. पंखा मंद फिरतो, बल्ब पिवळा पडतो. तेव्हा कॉम्प्रेसर ‘घुं’ करतो, काही सेकंदांत ‘टक’ आवाज होऊन बंद पडतो आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. तो ‘टक’ म्हणजे कॉम्प्रेसर जळू नये म्हणून बसवलेलं ओव्हरलोड सुटल्याचा आवाज. हाच आवाज चांगल्या व्होल्टेजवरही येत असेल तर रिले किंवा ओव्हरलोड खराब असू शकतो. कॉम्प्रेसरच्या मानाने हा भाग अगदी स्वस्त असतो.

‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं फ्रिजवर लिहिलेलं असलं, तरी ते ठरावीक व्होल्टेजपर्यंतच खरं असतं. ती मर्यादा माहितीपुस्तकात दिलेली असते. वीज जाऊन लगेच परत आली तर फ्रिज तीन ते पाच मिनिटांनी सुरू करा. आतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. चांगला स्टॅबिलायझर ही वाट स्वतःच पाहतो.

शेतातल्या घराला कृषी फीडरवरून वीज येत असेल तर ती ठरावीक तासच मिळते. तिथे फ्रिज दिवसभर थंड राहील ही अपेक्षाच चुकीची आहे. वीज असेल तेव्हा फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. वीज गेल्यावर हाच बर्फ आतला थंडावा टिकवतो.

३. मागची आणि बाजूची जागा. भिंत आणि फ्रिज यांच्यात किमान १०-१५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभर नाही तरी चार-सहा बोटं नक्की, अंतर ठेवा. नव्या घरांत फ्रिजसाठी कोनाडा करतात. बाजूच्या पत्र्याआड नळ्या असलेला फ्रिज अशा कोनाड्यात अक्षरशः कोंडला जातो. मागे जाळी असेल तर प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडा. फ्रिजच्या वर रचलेले डबे, मागे कोंबलेल्या पिशव्या, खालपर्यंत ओघळणारं प्लास्टिकचं कव्हर हे सगळं काढा. उंदरांनी मागची वायर कुरतडलेली नाही ना, हेही याच वेळी पाहा. कुरतडलेली असेल तर प्लग परत लावू नका.

४. दाराचं रबर. दहा रुपयांची नोट दारात अडकवून दार लावा आणि नोट ओढा. ती सहज निसटली तर त्या जागी रबर, म्हणजे गॅसकेट, सैल आहे. हीच चाचणी चारही बाजूंनी करा. आधी रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा. बरेचदा चिकटलेला मळ हेच कारण असतं. फाटलेलं रबर मात्र बदलावंच लागतं.

५. आतला दिवा. दारातलं बटण बोटाने दाबा. दिवा विझला पाहिजे. विझत नसेल तर दार लावल्यावरही तो आत जळत राहतो आणि फ्रिज आतूनच तापतो.

६. थर्मोस्टॅट. एक दाराच्या फ्रिजमध्ये १ ते ७ आकड्यांची चकती असते. इथे मोठा आकडा म्हणजे जास्त थंड. हिवाळ्यात २ वर केलेली चकती एप्रिलपर्यंत तशीच राहिलेली असते. ती ४-५ वर आणा आणि एक दिवस वाट पाहा. चकतीच्या मधोमध डिफ्रॉस्टचं बटण असतं. ते चुकून दाबलं गेलं तर बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर बंदच राहतो. ते अडकून बसलं तर फ्रिज सुरूच होत नाही. नवा डिजिटल फ्रिज दिवे लागूनही थंड होत नसेल तर तो शोरूमच्या ‘डेमो मोड’मध्ये राहिलेला असू शकतो. तो कसा काढायचा हे माहितीपुस्तकात सापडेल.

७. आतलं सामान. गरम वरण, आमरसाचं भरलेलं पातेलं, एकदम डझनभर पाण्याच्या बाटल्या असं सगळं एकाच वेळी आत गेलं की फ्रिजला सावरायला अनेक तास लागतात. पातेली झाकून ठेवा, कप्पे गच्च भरू नका. हवा फिरायला जागा हवी.

एवढं करून २४ तास थांबा. फ्रिज बदल लगेच दाखवत नाही.

लक्षण काय, कारण काय?

दिवा नाही, आवाज नाही: वीज, प्लग, वायर.

दिवा आहे, कॉम्प्रेसर अजिबात सुरू होत नाही: थर्मोस्टॅट, रिले, ओव्हरलोड किंवा कॉम्प्रेसर. डिजिटल फ्रिजमध्ये पीसीबी.

डबल डोअरमध्ये वर बर्फ होतो, खाली गरम: गॅस गेला असण्याची शक्यता कमी. या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये एक पंखा थंड हवा खाली ढकलतो आणि एक हीटर मधूनमधून बर्फ वितळवतो. पंखा थांबला किंवा हीटर-सेन्सर बिघडला की आतल्या वाटा बर्फाने बंद होतात. चाचणी सोपी आहे. फ्रिज रिकामा करा, प्लग काढा आणि २४ तास दार उघडं ठेवा. पुन्हा लावल्यावर काही दिवस मस्त चालला आणि मग तेच झालं, तर दोष डिफ्रॉस्टच्या भागात आहे. मेकॅनिकला ही गोष्ट आवर्जून सांगा.

एक दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाचा डोंगर: बर्फाचा थर पाव इंचाच्या वर गेला की तो गोधडीसारखं काम करतो आणि थंडावा बाहेर येऊ देत नाही. डिफ्रॉस्ट करा. फ्रिज असलेल्या खोलीत कूलर चालत असेल तर हवेतल्या ओलाव्यामुळे बर्फ लवकर साचतो.

कॉम्प्रेसर सतत चालू, फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात थोडा बर्फ, बाकी कोरडं, जाळी थंड: इथे गॅसगळती किंवा कॅपिलरीतलं ‘चोकअप’ असू शकतं. हे काम मेकॅनिकचंच.

इन्व्हर्टर फ्रिजचा कॉम्प्रेसर कमी वेगाने बराच वेळ चालतो. तो फक्त सतत चालतो म्हणून बिघाड समजू नका.

बर्फ काढताना सुरी नको, मीठही नको

सुरी, पेचकस, उलथनं यांपैकी काहीही वापरू नका. एक दाराच्या बहुतेक फ्रिजमध्ये फ्रीजरची भिंत ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्याची असते आणि गॅस त्याच पत्र्यातून फिरतो. एक टोचा बसला की ‘फुस्स’ आवाज येतो आणि साध्या बर्फाचं रूपांतर मोठ्या दुरुस्तीत होतं. रील्समध्ये दिसणारा ‘फ्रीजरमध्ये मीठ चोळा’ हा उपायही टाळा. मिठाने ॲल्युमिनिअम गंजतं. प्लग काढा, दार उघडं ठेवा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा. तासा-दोन तासांत बर्फ आपोआप सुटतो.

‘गॅस भरला’ म्हणजे नेमकं काय व्हायला हवं?

फ्रिजचा गॅस बंद नळ्यांमध्ये फिरतो. गाडीतल्या पेट्रोलसारखा तो संपत नाही. ‘पाच वर्षं झाली, गॅस संपला असेल’ हे म्हणणंच चुकीचं आहे. गॅस कमी असेल तर छिद्र आहे, आणि ते न बुजवता भरलेला गॅस आठवड्यात किंवा महिन्यात पुन्हा जाणार. तुमचे पैसे मात्र दोनदा जातात.

नीट काम करणारा मेकॅनिक आधी गळती शोधतो, ती बंद करतो, फिल्टर (ड्रायर) बदलतो, पंपाने व्हॅक्यूम करतो आणि मग फ्रिजच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस मोजून भरतो. व्हॅक्यूम नीट झाला नाही तर आत राहिलेला ओलावा कॅपिलरीत गोठतो आणि फ्रिज पुन्हा बंद पडतो.

आजच्या बऱ्याच फ्रिजमध्ये ‘आर-६००ए’ नावाचा गॅस असतो. तो ज्वलनशील आहे. कॉम्प्रेसरवर ज्वाळेचं चिन्ह असलेला पिवळा त्रिकोण दिसला तर दुरुस्तीच्या वेळी खिडक्या-दारं उघडी ठेवा आणि शेगडी व देवघरातला दिवा बंद ठेवा. त्याऐवजी दुसराच गॅस भरायला नकार द्या. प्रत्येक गॅससाठी दाब आणि तेल वेगळं असतं.

मेकॅनिकला विचारायचे पाच प्रश्न

१. गळती कुठे सापडली? मला दाखवाल का?
२. ड्रायर बदलणार आणि व्हॅक्यूम करणार का?
३. कोणता गॅस, किती ग्रॅम भरणार?
४. बदललेला जुना पार्ट मला परत मिळेल का?
५. बिलावर काम आणि वॉरंटीचे दिवस लिहून द्याल का?

फ्रिज वॉरंटीत असेल तर बाहेरच्या मेकॅनिकला उघडू देऊ नका. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरवर १० वर्षांपर्यंत वॉरंटी देतात, पण त्यात मजुरी आणि गॅस धरलेला असतोच असं नाही. कार्ड वाचून मगच हो म्हणा.

आणि कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका. खोटे नंबर टाकून लोकांना फसवण्याचे प्रकार होतात. फ्रिजवरच्या स्टिकरवरचा किंवा वॉरंटी कार्डवरचाच नंबर वापरा. समोरच्याने ओटीपी मागितला किंवा एखादं ॲप डाउनलोड करायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

दुरुस्ती की नवा फ्रिज?

रिले, थर्मोस्टॅट, रबर, पंखा, सेन्सर यांच्यासाठी फ्रिज बदलायची गरज नाही. फ्रिज दहा-बारा वर्षांचा झाला आहे, कॉम्प्रेसर गेला आहे किंवा भिंतीआड गळती आहे आणि खर्च नव्या फ्रिजच्या किमतीच्या निम्म्यावर जातो आहे, तर नव्याचा विचार करा. घाटाखाली राहत असाल तर घेताना स्टार रेटिंगसोबत ‘टी’ क्लास आहे ना, ते पाहा. गावाकडे पिकअपमधून आडवा आणला असेल तर उभा करून काही तास, शक्यतो एक दिवस, तसाच ठेवा आणि मग सुरू करा.

तक्रार कुठे करायची?

फक्त तुमच्या घरात व्होल्टेज कमी असेल तर वायरिंग तपासा. पूर्ण गल्लीत कमी असेल तर दोष डीपीवर किंवा लाइनमध्ये असू शकतो. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. बल्ब अचानक खूप प्रखर झाले तर लगेच फ्रिजचा प्लग काढा, कारण न्यूट्रल तुटला की व्होल्टेज धोकादायक वाढतं. फ्रिजला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर तो वापरू नका, आधी अर्थिंग तपासून घ्या.

वॉरंटी असून कंपनी दाद देत नसेल किंवा दुरुस्तीत फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे प्रश्न सुटला नाही तर बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्यासाठी बिल लागतं, म्हणून दुरुस्ती कितीही छोटी असली तरी पक्कं बिल मागा.

फ्रिज थंड होत नाही याचा अर्थ तो मेला असं नाही. अनेकदा त्याला आतली उष्णता बाहेर टाकायला जागा, पुरेसं व्होल्टेज किंवा घट्ट बसणारं दार मिळत नसतं. एक दिवस देऊन हे तपासा. तरीही बाटली कोमटच राहिली तर मेकॅनिकला बोलवा, पण वरचे पाच प्रश्न हाताशी ठेवून.